दोन वर्षं हात न लागलेला अँड्रॉइड प्रोजेक्ट: लायब्रऱ्या कुठल्या क्रमाने वाढवायच्या?

मोबाइलकर

नमस्कार मंडळी,

कोटलिनमधलं एक अँड्रॉइड ॲप ताब्यात आलं आहे. ११ मॉड्यूल्स, अर्धा यूआय एक्सएमएलमध्ये, अर्धा कंपोजमध्ये (कोटलिनमध्येच यूआय लिहायची नवी पद्धत). सध्याची स्थिती अशी:

अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन (पुढे एजीपी म्हणतो) ७.४.२, ग्रेडल (ॲप बांधणारं हत्यार) ७.५.१, जेडीके (जावाचा विकास संच) ११, कोटलिन १.८.१०, कंपोज कंपायलर १.४.३. कंपाइल आणि टार्गेट एसडीके दोन्ही ३४, पण एजीपीची चेतावणी प्रॉपर्टी फाइलमधून दाबून ठेवलेली. रूम (डेटाबेससाठी) आणि हिल्ट (डिपेन्डन्सी इंजेक्शनसाठी) कॅप्टवर, म्हणजे बिल्डच्या वेळी कोड तयार करणाऱ्या जुन्या हत्यारावर. नेटवर्कसाठी रेट्रोफिट २.९.०, सोबत जेसन वाचायला जीसन. प्ले बिलिंग ६. स्थानिक डेटाबेस एन्क्रिप्ट करायला एसक्यूएलसायफरची जुनी लायब्ररी. आवृत्त्या प्रत्येक मॉड्यूलच्या बिल्ड फाइलमध्ये हाताने लिहिलेल्या, त्यात दोन ठिकाणी आकड्याऐवजी नुसतं अधिकचिन्ह.

प्ले कन्सोल तीन गोष्टी मागतो आहे: टार्गेट ३५, १६ केबी पेज साइज (मेमरीच्या पानाचा आकार) आणि नवीन बिलिंग. सगळे आकडे एकदम वाढवले की एररचा ढीग पडतो आणि कुठली एरर कुणामुळे आली याचा पत्ता लागत नाही.

क्रम काय ठेवावा? जाणूनबुजून जुनंच काय ठेवलं तरी चालेल? आणि दोन वर्षांनी पुन्हा हीच वेळ येऊ नये म्हणून काय बसवून ठेवावं? याच उत्पादनाचं आयओएस ॲप कोकोपॉड्सवर (तिकडचा लायब्ररी व्यवस्थापक) आहे, तिकडचंही कुणी सांगितलं तर बरं.

बिल्डबुवा

आकडे वाढवण्याआधी ते एका जागी आणा. व्हर्जन कॅटलॉग, म्हणजे ग्रेडल फोल्डरमधली ‘लिब्स.व्हर्जन्स.टॉमल’ ही फाइल. ग्रेडल ७.४ पासून ती स्थिर सुविधा आहे, म्हणजे तुमच्या ७.५.१ वरही चालते. पहिला पीआर (पुल रिक्वेस्ट) फक्त एवढाच: आहेत त्याच आवृत्त्या कॅटलॉगमध्ये हलवायच्या, एकही आकडा बदलायचा नाही.

अधिकचिन्हं याच पीआरमध्ये काढा. सध्या त्यांच्या जागी प्रत्यक्षात काय येतंय ते ‘डिपेन्डन्सी-इनसाइट’ टास्क सांगतं. (कमांडची नावं इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलला अर्थातच रोमन लागेल.) कॉन्फिगरेशन ‘रिलीज-रनटाइम-क्लासपाथ’ द्यायचं, लायब्ररीचं नाव द्यायचं, आणि जो आकडा दिसेल तो लिहून टाकायचा. अधिकचिन्ह किती महागात पडतं ते नोव्हेंबर २०२२ मध्ये रिॲक्ट नेटिव्हवाल्यांना कळलं. त्यांच्या टेम्प्लेटमध्ये अँड्रॉइडची डिपेन्डन्सी अधिकचिन्हाने लिहिलेली होती, कारण तेव्हा ती लायब्ररी नोड मॉड्यूल्समधल्या स्थानिक फोल्डरमधूनच येत असे. मग ०.७१.० ची चाचणी आवृत्ती मेव्हन सेंट्रलवर प्रसिद्ध झाली. ग्रेडलने नियमाप्रमाणे सगळ्यात मोठा आकडा उचलला आणि कुणी कोडची एक ओळही न बदलता जगभरचे अँड्रॉइड बिल्ड फुटले. जुन्या आवृत्त्यांसाठी धडाधड पॅच काढावे लागले.

त्यानंतर ‘डिपेन्डन्सीज’ टास्क त्याच रिलीज-रनटाइम-क्लासपाथवर चालवून त्याचा निकाल एका फाइलमध्ये साठवा. प्रत्येक टप्प्यानंतर तो पुन्हा काढायचा आणि आधीच्या फाइलशी ताडून बघायचा. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या मागितल्या गेल्या की ग्रेडल मोठी घेतं, म्हणजे तुम्ही एक आकडा बदलता आणि प्रत्यक्षात सात लायब्रऱ्या हलतात. निकालात बाणाची खूण असलेल्या ओळी नीट वाचा. कोरूटीन्स आणि लाइफसायकल या दोन लायब्रऱ्या अशाच मागच्या दाराने वर जातात.

आता क्रम. आधी हत्यारं, मग लायब्रऱ्या, आणि टार्गेट एसडीके शेवटी.

पहिली उडी ७.४.२ वरून ८.०.२, ग्रेडल ८.०, जेडीके १७. थेट ८.७ का नाही? कारण मोडतोड करणारे बहुतेक बदल ८.० मध्येच आहेत, ते वेगळे हाताळले तर नावानिशी सापडतात. नेमस्पेस आता मॅनिफेस्टमध्ये चालत नाही, प्रत्येक मॉड्यूलच्या बिल्ड फाइलमध्ये लिहावा लागतो. बिल्डकॉन्फिग क्लास आपोआप तयार होणं बंद झालं. एका मॉड्यूलच्या आर क्लासमध्ये दुसऱ्याचे रिसोर्स दिसणं बंद झालं. रिसोर्स आयडी फायनल राहिले नाहीत, त्यामुळे जावामध्ये आयडींवर स्विच-केस लिहिलेलं असेल तर ते कंपाइल होणार नाही. अँड्रॉइड स्टुडिओमधला एजीपी अपग्रेड असिस्टंट यातलं बरंचसं करून देतो आणि उरलेल्यासाठी प्रॉपर्टी फाइलमध्ये जुनं वर्तन टिकवणाऱ्या ओळी घालतो. त्या ओळी घालू द्या, पण प्रत्येकीचं एक तिकीट करा. नाहीतर त्या तिथेच मुक्काम ठोकतात.

जेडीके १७ वर गेल्या गेल्या एक एरर जवळजवळ हमखास येते: जावाचं टार्गेट १.८ आणि कॅप्ट स्टबचं टार्गेट १७, दोन्ही सारखे हवेत. त्यासाठी कोटलिन ब्लॉकमध्ये जेव्हीएम टूलचेन १७ लिहा, किंवा कंपाइल ऑप्शन्स आणि जेव्हीएम टार्गेट दोन्हीकडे एकच आकडा द्या. सगळ्या ११ मॉड्यूल्समध्ये. एक जरी सुटलं तरी एरर तशीच राहते, आणि मग लोक उगाच जेडीकेला शिव्या घालतात.

८.० मध्ये ट्रान्सफॉर्म एपीआय पूर्ण काढून टाकलं आहे. बाइटकोडमध्ये हात घालणारी जुनी प्लगइन्स, म्हणजे जुनं हिल्ट किंवा फायरबेस परफॉर्मन्सचं प्लगइन, ही उडीच्या आधीच वाढवून घ्या.

दुसरा टप्पा कोटलिन १.९.२४. त्याच्यासोबत कंपोज कंपायलर १.५.१४ आणि केएसपी (कॅप्टची जागा घेणारं नवं हत्यार) १.९.२४-१.०.२०. हे तीन आकडे एकमेकांना बांधलेले आहेत, सुटे हलवता येत नाहीत. इथेच रूम आणि हिल्ट कॅप्टवरून केएसपीवर न्या (हिल्ट किमान २.४८). कॅप्ट पूर्ण गेलं तरच वेळ वाचतो. मॉड्यूलमध्ये एक जरी प्रोसेसर कॅप्टवर राहिला तरी स्टब तयार करण्याचं सगळं काम होतंच.

तिसरा टप्पा एजीपी ८.७.३, ग्रेडल ८.९. मग कोटलिन २.०.२१ आणि केएसपी २.०.२१-१.०.२८. कोटलिन २.० पासून कंपोज कंपायलर कोटलिनच्याच आवृत्तीसोबत येतो. कंपोजचं वेगळं ग्रेडल प्लगइन लावायचं आणि कंपायलर एक्स्टेन्शनच्या आवृत्तीची जुनी ओळ काढून टाकायची. त्यानंतर तो जुना जुळणी-तक्ता बघत बसायची गरज उरत नाही.

एजीपी ९ आत्ता नको. त्यात कोटलिनचा आधार प्लगइनच्या आतच आला आहे, त्यामुळे बिल्ड फाइल्सची जोडणी बदलते. तो वेगळा प्रकल्प समजा.

प्रत्येक टप्पा एक पीआर, आणि प्रत्येकानंतर रिलीज बिल्ड खऱ्या फोनवर. डीबग बिल्ड चालला याला काही अर्थ नाही.

तिखटमीठ

बुवांच्या शेवटच्या वाक्याला अधोरेखित करतो, कारण तुमच्या यादीत रेट्रोफिट २.९.० आणि जीसन आहे.

एजीपी ८.० पासून आर-एटचा (रिलीज बिल्डमधला न लागणारा कोड काढणारं हत्यार) फुल मोड आपोआप चालू होतो. जेनेरिक टाइपची माहिती कुणी वापरत नाही असं त्याला दिसलं तर तो ती काढून टाकतो. रेट्रोफिट सस्पेंड फंक्शनचा परतावा-टाइप रिफ्लेक्शनने वाचतं, जीसनचं टाइपटोकनही तसंच. परिणाम: डीबगमध्ये सगळं छान, रिलीजमध्ये पहिल्याच नेटवर्क कॉलला क्लास-कास्ट एक्सेप्शन, ‘क्लासला पॅरामीटराइज्ड-टाइपमध्ये बदलता येत नाही’. किंवा जीसन सांगतं की टाइपटोकन टाइप आर्ग्युमेंटसह बनवा. इंटरनेटवर यावर ‘सगळ्यासाठी कीप नियम (काहीच काढू नको असं सांगणारा) टाका’ असा सल्ला मिळेल, तो घेऊ नका. त्याने आर-एट लावण्याचा उद्देशच बुडतो. रेट्रोफिट २.११ आणि जीसन २.११ यांच्या जारमध्येच योग्य नियम येतात. म्हणजे या दोन लायब्रऱ्या एजीपी ८ च्या आधी वाढवा. जमत नसेल तर फुल मोड प्रॉपर्टी फाइलमधून तात्पुरता बंद करून पुढे जा.

दुसरं असंच लपलेलं प्रकरण कंपाइल एसडीके ३५ चं. जावा २१ मधले ‘रिमूव्ह-फर्स्ट’ आणि ‘रिमूव्ह-लास्ट’ हे लिस्टचे मेथड अँड्रॉइड १५ मध्ये आले. कोटलिनमध्ये याच नावांची एक्स्टेन्शन फंक्शन्स आधीपासून आहेत. कंपाइल एसडीके ३५ केला की तीच ओळ, एक अक्षर न बदलता, प्लॅटफॉर्मच्या मेथडला जोडली जाते. अँड्रॉइड १५ वर चालते, १४ आणि खाली ‘नो-सच-मेथड’ म्हणून कोसळते. तुमच्या टेबलावरचा फोन नवा असेल तर कधीच दिसणार नाही. प्रोजेक्टभर शोधा आणि ‘रिमूव्ह-ॲट शून्य’, ‘रिमूव्ह-ॲट लास्ट-इंडेक्स’ असं लिहा. लिंटही (स्टुडिओतला कोड-तपासनीस) पकडतो, जर कुणी लिंटचा निकाल वाचत असेल तर.

आता १६ केबी. नियम असा: १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ किंवा पुढचं टार्गेट असलेल्या नव्या ॲप्सना आणि अपडेट्सना ६४ बिट उपकरणांवर १६ केबी पेज चाललं पाहिजे. शुद्ध कोटलिन-जावा कोडला याचं काही देणंघेणं नाही, भानगड आहे ती एसओ फाइल्सची, म्हणजे सी किंवा सी++ मधून बांधलेल्या नेटिव्ह लायब्रऱ्यांची. तुम्ही स्वतः सी++ लिहीत नसलात तरी लायब्रऱ्या त्या घेऊन येतात.

तपासायचं दोन पातळ्यांवर. एक, एपीकेच्या झिपमध्ये फाइल १६ केबीच्या सीमेवर बसली आहे का. हे झिपअलाइनला ‘पी १६’ देऊन कळतं, आणि एजीपी ८.५.१ किंवा पुढे असाल तर ते आपोआप होतं. दोन, एसओ फाइलच्या आतल्या लोड सेगमेंटचं अलाइनमेंट. एलएलव्हीएम-ऑब्जडंपने बघा: दोनाचा चौदावा घात किंवा जास्त हवा. बारावा घात दिसला तर ती फाइल ४ केबीसाठी बांधलेली आहे आणि तुम्ही एजीपी कितीही वाढवलं तरी ती सुधारणार नाही. ती लायब्ररीच नव्याने बांधलेली हवी. अँड्रॉइड स्टुडिओचा एपीके ॲनलायझरही अलाइनमेंटचा रकाना दाखवतो. फक्त ‘आर्म६४-व्ही८ए’ आणि ‘एक्स८६-६४’ या दोन फोल्डरांची चिंता करा.

दोषी एसओ कुठल्या लायब्ररीची हे नावावरून कळलं नाही, तर ग्रेडलच्या कॅशेमधल्या ‘ट्रान्सफॉर्म्ड’ फोल्डरांत त्या नावाची फाइल शोधा. वरच्या फोल्डरचं नाव म्हणजे लायब्ररीचं नाव. मग डिपेन्डन्सी-इनसाइट लावून तिला कोण आणतंय ते बघा. बऱ्याचदा ती तुम्ही मागितलेलीच नसते.

तुमच्या बाबतीत एक उत्तर आत्ताच देता येतं: एसक्यूएलसायफर. ‘अँड्रॉइड-डेटाबेस-एसक्यूएलसायफर’ ही जुनी लायब्ररी बंद झाली आहे, तिच्या जागी ‘एसक्यूएलसायफर-अँड्रॉइड’ आहे. नुसता आकडा बदलून भागत नाही. पॅकेज ‘नेट.एसक्यूएलसायफर’वरून ‘नेट.झेटेटिक’वर गेलं आहे, रूमला द्यायच्या ‘सपोर्ट-फॅक्टरी’च्या जागी ‘सपोर्ट-ओपन-हेल्पर-फॅक्टरी’ आली आहे, आणि नेटिव्ह लायब्ररी तुम्हालाच ‘सिस्टम.लोड-लायब्ररी’ने आधी लोड करावी लागते. ही शेवटची ओळ विसरली की डेटाबेस उघडताना ‘अनसॅटिस्फाइड-लिंक’ एरर. जुनी फाइल ४.x च्या स्वरूपात असेल तर तीच नवीकडून उघडते. तरीही जुन्या ॲपने बनवलेला खरा डेटाबेस घेऊन, वर नवा बिल्ड टाकून उघडून बघा. नव्याने इन्स्टॉल केलेल्या ॲपवर ही चाचणी होतच नाही.

चाचणीसाठी एमुलेटरमध्ये १६ केबी पेजची वेगळी सिस्टम इमेज मिळते. शेलमध्ये ‘गेटकॉन्फ पेज-साइज’ विचारल्यावर १६३८४ आलं की समजा बरोबर इमेज चालू आहे.

उगाच_कशाला

सल्ले उत्तम आहेत, पण दुसरा प्रश्न अजून तसाच लटकला आहे: जुनंच काय ठेवायचं?

स्टुडिओमध्ये पिवळी रेघ दिसते म्हणून लायब्ररी वाढवणं हे काम नव्हे. मी चारच कारणं मानतो: स्टोअरची तारीख, सुरक्षेची त्रुटी, तुम्हाला प्रत्यक्ष छळणारा बग, आणि पुढच्या हत्यारांशी न जुळणं. यातलं एकही लागू नसेल तर ती लायब्ररी जिथे आहे तिथे सुखी आहे. एखादी छोटी तारीख फॉरमॅट करणारी किंवा कस्टम व्ह्यूची लायब्ररी पाच वर्षं जुनी असली तरी बिघडत काही नाही, जोवर तिच्यात एसओ फाइल नाही आणि ती रिफ्लेक्शन करत नाही.

उलट ज्या लायब्रऱ्यांचा देखभाल करणाराच उरला नाही त्यांच्याकडे लक्ष द्या. रिपॉझिटरींच्या यादीत अजून जेसेंटर आहे का ते आधी पाहा. २०२१ मध्ये ते फक्त वाचनापुरतं उरलं आणि ऑगस्ट २०२४ पासून त्याच्याकडे केलेली विनंती मेव्हन सेंट्रलकडे वळवली जाते. म्हणजे फक्त तिथेच असलेली लायब्ररी आज केवळ तुमच्या मशीनच्या कॅशेमुळे सापडत असेल. कॅशे रिकामा करून, नव्या फोल्डरमध्ये क्लोन करून एकदा बिल्ड करा. जे सापडणार नाही ती तुमची खरी थकबाकी. अशा लायब्ररीचा लायसन्स परवानगी देत असेल तर सोर्स आणून मॉड्यूल म्हणून प्रोजेक्टमध्ये ठेवा. बरेचदा त्यातल्या तीन क्लासचाच वापर असतो, तेवढेच उचला.

बिलिंगबद्दल कुणी बोललं नाही. ३१ ऑगस्ट २०२५ पासून अपडेटला बिलिंग ७ किमान लागतं. प्रत्येक मोठी आवृत्ती साधारण दोन वर्षांत बाद होते, त्यामुळे ६ वरून ७ वर थांबण्यात हशील नाही, थेट ८ वर जा. ७ मध्ये प्रोरेशन-मोड गेला, त्याऐवजी रिप्लेसमेंट-मोड आहे. ८ मध्ये एसकेयू-डिटेल्सची जुनी क्वेरी आणि खरेदी-इतिहासाची क्वेरी दोन्ही काढल्या आहेत, आणि प्रलंबित खरेदी चालू करताना पॅरामीटर द्यावाच लागतो. परवाना-चाचणी खात्यावरून संथ कार्डने एक प्रलंबित खरेदी पूर्ण होईपर्यंत तपासा, तिथेच गडबडी सापडतात.

बिल्डबुवा

@उगाच_कशाला, तत्त्वतः मान्य, पण तुमच्या चौथ्या कारणाचा पसारा मोठा आहे. अँड्रॉइडएक्सच्या लायब्रऱ्या आपल्या एएआरमध्ये (लायब्ररीची पॅकेज फाइल) किमान कंपाइल एसडीके लिहून ठेवतात. तुम्ही कोअर किंवा ॲक्टिव्हिटी लायब्ररी जुनी ठेवलीत, पण फायरबेस वाढवलंत, तर तीच अँड्रॉइडएक्सला वर ओढते आणि ‘चेक-एएआर-मेटाडेटा’ टास्कवर बिल्ड थांबतो: ही डिपेन्डन्सी अमुक एसडीकेवर कंपाइल करा म्हणते. कोटलिनचंही तेच. नव्या कोटलिनने बांधलेली लायब्ररी जुना कंपायलर वाचू शकत नाही. एकच आवृत्ती पुढचं तो वाचतो. १.८ वर बसून राहिलात तर २.० ने बांधलेली कुठलीही लायब्ररी ‘मेटाडेटाची आवृत्ती जुळत नाही’ म्हणून नाकारली जाईल. त्यामुळे पानं जुनी ठेवा हवी तर, पण खोड, म्हणजे कोटलिन, एजीपी आणि कंपाइल एसडीके, चालतं ठेवा.

कंपाइल एसडीके आणि टार्गेट एसडीके हे दोन वेगळे पीआर. कंपाइल वाढवल्याने वर्तन बदलत नाही (वर सांगितलेला रिमूव्ह-फर्स्टचा अपवाद सोडून). टार्गेट ३५ केलं की अँड्रॉइड १५ वर एज-टू-एज सक्तीचं होतं: स्टेटस बार आणि खालच्या नेव्हिगेशन बारच्या मागे तुमचा मजकूर जातो. कंपोजच्या स्क्रीन स्कॅफोल्डच्या पॅडिंगने सावरतात, पण तुमच्या एक्सएमएल स्क्रीन एकेक करून बघाव्या लागतील, विशेषतः तळाला चिकटवलेली बटणं आणि कीबोर्ड उघडल्यावरचा फॉर्म. थीममध्ये एक सूट देणारं ॲट्रिब्यूट आहे, पण टार्गेट ३६ ला ते निष्प्रभ होतं. उसनवारी समजा.

कंपोज आणि फायरबेससाठी बीओएम (जुळणाऱ्या आवृत्त्यांची तयार यादी) वापरा, म्हणजे एकाच घराण्यातल्या लायब्रऱ्यांचे आकडे आपसात जुळलेले राहतात. फायरबेसच्या बीओएम ३४ मध्ये केटीएक्सची वेगळी मॉड्यूल्स गेली, इंपोर्ट बदलावे लागतील. ते बदल ३३ वर असतानाच करून ठेवता येतात, कारण मुख्य मॉड्यूल्समध्ये तो कोड आधीपासून आहे.

सफरचंदवाला

आयओएसचं थोडक्यात.

‘पॉड इन्स्टॉल’ लॉक फाइलमधले आकडे पाळतं, ‘पॉड अपडेट’ नाव न देता चालवलं तर सगळंच हलवतं. म्हणून कायम ‘पॉड अपडेट’ आणि पुढे एका पॉडचं नाव. काय मागे पडलंय ते ‘पॉड आउटडेटेड’ सांगतं. पॉडफाइल.लॉक गिटमध्ये हवीच. तरंगचिन्ह-मोठं अशी खूण वापरता तेव्हा ५.६ लिहिलं तर ६ च्या खाली काहीही येतं, ५.६.० लिहिलं तर ५.७ च्या खालीच. हा फरक अनेकांच्या लक्षात येत नाही.

एक्सकोड १४.३ पासून ‘आर्कलाइट’ नावाची फाइल सापडत नाही अशी लिंकर एरर येते. कारण एखाद्या पॉडचा डिप्लॉयमेंट टार्गेट फार जुना असतो. पॉडफाइलच्या पोस्ट-इन्स्टॉलमध्ये सगळ्या टार्गेट्सना किमान १२ द्या.

मोठी गोष्ट मात्र वेगळी आहे. २ डिसेंबर २०२६ ला कोकोपॉड्सचं मध्यवर्ती भांडार (ट्रंक) फक्त वाचनापुरतं होणार आहे. त्यानंतरही जुने पॉड्स उतरतील, पण नवी आवृत्ती तिथे येणार नाही. म्हणजे अपडेट हवे असतील तर स्विफ्ट पॅकेज मॅनेजरकडे जावंच लागेल. एकेक लायब्ररी हलवा, पण जिच्यावर दुसरे पॉड्स अवलंबून आहेत ती मध्येच हलवू नका. तीच लायब्ररी दोन्ही वाटांनी आली की एकतर दुहेरी सिंबॉलची लिंकर एरर येते, किंवा त्याहून वाईट, बिल्ड होतो आणि चालताना ‘हा क्लास दोन ठिकाणी आहे’ असा इशारा लॉगमध्ये पडतो. झाडाच्या पानांपासून सुरुवात करून बुंध्याकडे या.

पॅकेज.रिझॉल्व्हड फाइल वर्कस्पेसच्या आत, शेअर्ड डेटामधल्या स्विफ्टपीएम फोल्डरात असते. अनेक गिटइग्नोअर फाइल्स पूर्ण वर्कस्पेसच वगळतात आणि मग सीआयवर (आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवर) वेगळीच आवृत्ती येते. ती तपासा, आणि सीआयवर एक्सकोडबिल्डला ‘फक्त रिझॉल्व्हड फाइलमधल्याच आवृत्त्या वापर’ हा पर्याय द्या.

१ मे २०२४ पासून ॲपलने यादी दिलेल्या तृतीय पक्षाच्या एसडीकेंना प्रायव्हसी मॅनिफेस्ट आणि सही लागते. त्या यादीतली जुनी आवृत्ती असेल तर वाढवण्यावाचून गत्यंतर नाही.

तिखटमीठ

तिसरा प्रश्न, पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून.

नव्या आवृत्त्यांचे पीआर आपोआप काढणारा बॉट बसवा, पण नुसता बसवू नका. डिपेन्डाबॉट ग्रेडलचा कॅटलॉग, स्विफ्ट पॅकेजेस आणि पब (फ्लटरची पॅकेजेस) वाचतो. कोकोपॉड्स त्याला येत नाहीत, रेनोव्हेटला येतात. आयओएस अजून पॉड्सवर असेल तर दोन्हीकडे रेनोव्हेटच ठेवा.

गट पाडल्याशिवाय बॉट निरुपयोगी. कोटलिन, केएसपी आणि कंपोज प्लगइन एका गटात हवेत, नाहीतर तो कोटलिनचा वेगळा पीआर काढतो, तो फुटतो, केएसपीचा वेगळा काढतो, तोही फुटतो, आणि दोन आठवड्यांत माणसं बॉटकडे बघणं सोडतात. एजीपी आणि ग्रेडल रॅपर दुसरा गट. अँड्रॉइडएक्स तिसरा. चाचणीच्या लायब्रऱ्या चौथा. आठवड्यातून एकदा, मंगळवारी वगैरे; शुक्रवारी मुळीच नको. मोठी आवृत्ती बदलणारे पीआर आपोआप मर्ज होता कामा नयेत. चाचणीच्या लायब्रऱ्यांचे पॅच आपोआप जाऊ दिले तर हरकत नाही, पण सीआय रिलीज बिल्ड बनवून तो एमुलेटरवर उघडत असेल तरच.

आलेली आवृत्ती लगेच घेऊ नका. सात दिवस मुरू द्या: रेनोव्हेटमध्ये ‘मिनिमम रिलीज एज’, डिपेन्डाबॉटमध्ये ‘कूलडाउन’. ८ सप्टेंबर २०२५ ला एनपीएमवर चॉक आणि डीबग या प्रचंड वापराच्या पॅकेजेसच्या विषारी आवृत्त्या प्रसिद्ध झाल्या होत्या. त्या काही तासांतच काढल्या गेल्या, म्हणजे आठवडाभर थांबणाऱ्याला त्या दिसल्याही नसत्या. रिॲक्ट नेटिव्हवाल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं, त्यांच्या झाडात अशी पॅकेजेस खोलवर असतात. सुरक्षेच्या दुरुस्तीला मात्र हा थांबा लावू नका, त्यासाठी वेगळा नियम करा.

ग्रेडलमध्ये डिपेन्डन्सी व्हेरिफिकेशन चालू केलं तर प्रत्येक आर्टिफॅक्टचा एसएचए-२५६ एका एक्सएमएल फाइलमध्ये राहतो आणि त्याच आवृत्तीची फाइल बदलली तर बिल्ड थांबतो. सांभाळायला कटकटीचं आहे, कारण बॉटच्या प्रत्येक पीआरला ती फाइलही हलवावी लागते. पैशांचे व्यवहार करणाऱ्या ॲपला मी सुचवेन, बातम्यांच्या ॲपला नाही.

आणि प्ले एसडीके इंडेक्स बघत जा. एखाद्या एसडीकेच्या पुरवठादाराने स्वतःच आवृत्ती कालबाह्य किंवा धोकादायक म्हणून नोंदवली असेल तर ती तिथे दिसते, लिंटमध्येही येते.

मोबाइलकर

सगळ्यांचे आभार, क्रम आता स्पष्ट झाला. दोन शंका. एक्सएमएलच्या चार मॉड्यूल्समध्ये डेटा बाइंडिंग (लेआउटमध्येच डेटा जोडणं) आहे आणि त्यात बाइंडिंग ॲडॅप्टर लिहिलेले आहेत. ते कॅप्टशिवाय चालत नाही म्हणतात, मग कोटलिन २.० चं काय? आणि एवढ्या बदलांनंतर रिलीज करताना मागे फिरायची वाट कशी ठेवायची?

बिल्डबुवा

डेटा बाइंडिंगला कॅप्ट लागतंच, ते केएसपीवर येत नाही. कोटलिन २.० वर कॅप्ट चालतं, फक्त ते भाषेची आवृत्ती १.९ धरून काम करतं आणि तशी चेतावणी देतं. ती चेतावणी निरुपद्रवी आहे, दाबायच्या मागे लागू नका. त्या चार मॉड्यूल्समध्ये डेटा बाइंडिंगसाठी कॅप्ट आणि रूम-हिल्टसाठी केएसपी असं दोन्ही ठेवता येईल, पण एक पेच आहे: केएसपीने तयार केलेला क्लास कॅप्टच्या प्रोसेसरला हवा असेल, किंवा उलट, तर क्रमाचा गोंधळ होतो. त्यामुळे रूमच्या एन्टिटी आणि डीएओ डेटा बाइंडिंग नसलेल्या मॉड्यूलमध्ये हलवता आले तर आधी ते करा. ज्या लेआउटमध्ये एक्सप्रेशन नाहीत, नुसते आयडी वापरलेत, ते व्ह्यू बाइंडिंगवर न्या. त्याला कॅप्ट लागत नाही. चारपैकी दोन मॉड्यूल्स तरी त्यातच सुटतील असा अंदाज.

मागे फिरण्याबद्दल: प्लेवर आधीचा बिल्ड परत चढवता येत नाही, व्हर्जन कोड वाढताच हवा. म्हणून प्रत्येक टप्प्याचा वेगळा टॅग ठेवा, आणि आधीच्या टॅगवरून वाढीव व्हर्जन कोडचा बिल्ड काढून तो जुन्या ॲपवर चढतो का हे रिलीजच्या आधीच बघून ठेवा. रोलआउट ५ टक्क्यांपासून, दोन-तीन दिवस क्रॅश आणि एएनआरचा (ॲप प्रतिसाद न देण्याचा) दर बघून पुढे. एसक्यूएलसायफरचा बदल आणि रूमच्या स्कीमाचा बदल एकाच रिलीजमध्ये घालू नका, कारण स्कीमाची आवृत्ती एकदा वर गेली की जुना कोड तो डेटाबेस उघडणार नाही आणि रोलआउट थांबवूनही त्या ५ टक्के लोकांना मागे नेता येणार नाही. बिलिंगलाही स्वतंत्र रिलीज द्या. टार्गेट ३५ आणि १६ केबी मात्र सोबतच जाऊ द्या, प्लेची अट तशीच जोडलेली आहे.

उगाच_कशाला

आणि प्रत्येक टप्प्यावर मॅपिंग फाइल (आर-एटने बदललेली नावं मूळ नावांशी जोडणारी) प्लेवर चढते आहे ना ते पाहा. बंडल अपलोड केलं तर ती त्यातच जाते. पण क्रॅशलिटिक्स वेगळं असेल तर त्याच्या प्लगइनची आवृत्ती एजीपी ८ शी जुळणारी हवी, नाहीतर रोलआउटच्या त्या पहिल्या ५ टक्क्यांचे सगळे क्रॅश ‘ए.बी.सी’ अशा नावांनी येतील.